परसातला निळा हौद

दसऱ्याच्या संध्याकाळी आमचा पुतण्या सोने द्यायला आला. आपट्याची पाने हातावर ठेवून, वाकून नमस्कार झाला, आणि लगेच काखेतली सुरळी सोडून त्याने जेवणाच्या टेबलावर एक नकाशा पसरला. लातुरात बार्शी रस्त्याला, वस्ती संपते तिथे, त्याने दोन वर्षांपूर्वी बंगला बांधला आहे. आता बंगल्याच्या परसात पोहण्याचा तलाव व्हायचा आहे. नकाशात तो निळ्या रंगाने भरला होता आणि त्याचा आकार थेट मूत्रपिंडासारखा होता. “देवाने माणसाला दोन दिलेली असताना परसात तिसरे कशाला रे?” असे मी विचारले. सूनबाई हसल्या. पुतण्या हसला नाही. “काका, हा आकार अमेरिकेत फार चालतो,” एवढेच म्हणाला.

चालतो खरा. १९४८ साली कॅलिफोर्नियात सोनोमा भागातल्या एका बागेत थॉमस चर्च या उद्यानरचनाकाराने असा वळणदार तलाव केला. त्याची छायाचित्रे जगभर गेली आणि परसातले निळे पाणी ही सुखवस्तूपणाची खूण होऊन बसली. पुतण्याच्या घरी ती पाऊणशे वर्षांनी पोचते आहे, इतकेच.

मला या तलावाविरुद्ध लिहायचे आहे. पुतण्याविरुद्ध नव्हे, तो कष्टाळू आहे, आणि उन्हाळ्यात घामाने निथळून घरी आल्यावर पाण्यात उतरावेसे वाटणे हा काही गुन्हा नाही. सणाच्या अंकात कडू बोलू नये हेही मला कळते. पण नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावायची रीत आपलीच आहे. फराळ त्यानंतर.

आधी हिशेब. पुतण्याचा तलाव बत्तीस चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे साडेतीनशे चौरस फूट. खोली सरासरी एक मीटर चाळीस सेंटिमीटर. गुणाकार केला की पंचेचाळीस हजार लिटर होतात. दहा हजारांचे साडेचार टँकर. आता लातूरकरांना पाण्याचे एक निराळे माप ठाऊक आहे. २०१६ च्या एप्रिलात मांजरा धरण आटले, नळ कोरडे पडले, आणि मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आल्या, त्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे एका वाघिणीत पन्नास हजार. ती गाडी स्टेशनात आली तेव्हा माणसे फलाटावर देवाची पालखी पाहावी तशी उभी होती. पुतण्याही होता, तेव्हा तो कॉलेजात होता आणि त्याच्या हातात दोन घागरी होत्या. त्या गाडीतली जवळजवळ एक अख्खी वाघीण आता त्याच्या परसात उतरायची आहे.

“काका, एकदाच भरायचा. मग तेच पाणी फिल्टरमधून फिरत राहते,” असे त्याचे उत्तर. हे वाक्य त्याला तलाव बांधणाऱ्या ठेकेदाराने शिकवले आहे, आणि थंड, दमट मुलखात ते बरेचसे खरेही असेल. आमच्याकडे नाही. मराठवाड्यात वर्षाकाठी जेवढा पाऊस पडतो, त्याच्या दुपटीहून अधिक पाणी उघड्या पृष्ठभागावरून हवा पिऊन टाकते. मे महिन्याच्या झळांत तलावाची पातळी दिवसाला आठ मिलिमीटर खाली जाते असे धरा. आठ मिलिमीटर म्हणजे बोटाच्या पेराच्या निम्मेसुद्धा नाही. पाहून कळणारही नाही. पण बत्तीस चौरस मीटरला तेच रोजचे अडीचशे लिटर होतात. खेड्यातल्या माणसाला दिवसाला पंचावन्न लिटर पाणी नळाने द्यावे, असे जलजीवन मिशनचे २०१९ पासूनचे माप आहे. म्हणजे पुतण्याच्या घरचे कोणी तलावात पाय बुडवो न बुडवो, साडेचार माणसांचे पाणी रोज ऊन पिणार. शिवाय वाळूचा फिल्टर आठवड्याला उलटा धुवायचा असतो. त्या खेपेला पाचसातशे ते हजार लिटर गटारात जातात. बोअरचे पाणी जड. पाणी उडते, क्षार मागे राहतात, निळ्या फरशीवर पांढरी पुटे चढतात, आणि क्षार फार वाढले की थोडे पाणी सोडून देऊन नवे भरणे हाच उपाय उरतो. एकदाच भरायचा तलाव तो हा असा.

पण केवळ पाण्याचा जमाखर्च मांडून मी थांबणार नाही, कारण कंजूषपणाचा आरोप म्हाताऱ्यांवर फार लवकर येतो. माझे म्हणणे असे की हा तलाव उन्हाळ्याच्या मुलखासाठी मुळातच चुकीचा आहे. ज्या सुखासाठी तो बांधायचा, ते सुख तो देत नाही.

उथळ, पसरट आणि उघडा, हा त्याचा घाट. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. दुपारी एकला काठावरच्या शहाबादी फरशीवर अनवाणी पाऊल ठेवून पाहावे. मग तलावापर्यंत माणूस चालत नाही, उड्या मारीत जातो. साडेचार फूट खोलीचे पाणी दिवसभर तापून संध्याकाळी अंगाला कोमटच लागते. त्या कोमट पाण्यात शेवाळ झपाट्याने धरते. शेवाळ मारायला क्लोरीन घालावे तर कडक उन्हात उघड्या पाण्यातले क्लोरीन काही तासांत उडून जाते. ते टिकावे म्हणून सायन्युरिक आम्ल घालतात. ते मात्र उडत नाही, साचत जाते, आणि साचले की पुन्हा पाणी सोडा. पंप चार दिवस बंद पडला, किंवा मंडळी लग्नाला गावी गेली, की परत येईपर्यंत पाणी हिरवे होते आणि डासांची सोय होते ती निराळीच.

बांधकामाविषयी तर ठेकेदाराने त्याला काहीच सांगितलेले दिसले नाही. पुतण्याची जमीन काळी. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा टाकते. तिच्यात बसवलेली भिंत ती एका ऋतूत आत ढकलते आणि दुसऱ्यात उघडी सोडते. म्हणून काळी माती पार काढून कठीण मुरमापर्यंत खणायला हवे, भिंतींच्या मागे मुरूम दाबून भरायला हवा, तळाशी पाणी निघून जायला वाट ठेवायला हवी. हे न करता बांधलेल्या हौदाला पहिल्या दोन-तीन वर्षांतच तडा जातो, आणि तो तडा कुठे आहे हे शोधण्यात निम्मे पाणी जाते. आणखी एक गंमत आहे. भर पावसाळ्यात साफसफाईसाठी तलाव रिकामा केला आणि खालच्या जमिनीत पाणी चढलेले असले, तर काँक्रीटचा सबंध हौद होडीसारखा वर उचलला जाऊ शकतो. त्यासाठी तळाला दाब सोडणारी झडप बसवतात. नकाशात मी ती शोधली. सापडली नाही. पाण्याखालचे रंगीत दिवे मात्र सहा होते, आणि काठाला चाकांची खाट.

आपल्या लोकांना उन्हाळा काल कळलेला नाही. साताऱ्याजवळ लिंब गावी अठराव्या शतकाच्या पहिल्या पावात बांधलेली बारामोटेची विहीर ज्यांनी पाहिली असेल त्यांना माझे म्हणणे चटकन पटेल. दगडी पायऱ्या उतरून आत जावे तसतसा उन्हाचा ताप मागे राहतो. पाणी खोल आणि भिंतींच्या सावलीत. आणि वर बसायला दगडी महाल. वैशाखात माणूस तिथे नुसता बसला तरी निवतो. खोल, अरुंद, सावलीतले पाणी थंड राहते आणि कमी उडते, हे त्या गवंड्यांना ठाऊक होते. मी पोहायला शिकलो तो अशाच एका साध्या विहिरीत, साठीच्या दशकात. कमरेला वाळका भोपळा बांधून थोरल्या भावाने वरून ढकलले, आणि नाकातोंडात पाणी जाऊन वर आलो तेव्हा काठावरची पोरे खिदळत होती. महिन्याभरात मुटके मारू लागलो. बहात्तरच्या दुष्काळात त्या विहिरीचा तळ दिसला. तळाशी आमचाच हरवलेला एक तांब्या होता, तो आईने चिंचेने घासून पुन्हा वापरात घेतला.

आणि जुन्याचाच दाखला हवा तर आणखी मागे जाऊ. सिंधमध्ये मोहेंजोदडोला जे महास्नानगृह सापडले, ते साडेचार हजार वर्षांच्या आसपासचे. सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद, अडीच मीटरच्या आत-बाहेर खोल; पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या मागे डांबराचा थर, पाणी सोडायला मोरी, दोन्ही अंगांनी पायऱ्या. तेही उष्ण कोरड्या मुलखातले. पण ते कोण्या धनिकाच्या परसात नव्हते. गावच्या उंचवट्यावर, चारचौघांत होते.

“माझी जागा, माझा बोअर, माझे पैसे,” हा पुतण्याचा शेवटचा बाण. जागा आणि पैसे त्याचे, कबूल. बोअर मात्र त्याचा केवळ नळीपुरता. आमच्या पायाखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी राहते ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, तेही थोडके. त्याच्या बोअरने ओढलेले पाणी शेजारच्या आडाच्याच वाटचे असते. २०१६ साली आमच्या गल्लीत एका मागून एक बोअर आटले; कोणाचा आधी, कोणाचा नंतर, इतकाच फरक होता.

यावर तो उसाकडे बोट दाखवतो, आणि इथे मला त्याचे ऐकून घ्यावे लागते. एक हेक्टर ऊस हंगामात दोन कोटी लिटरच्या घरात पाणी पितो. त्यापुढे पंचेचाळीस हजार म्हणजे दर्यामे खसखस. पोराचे गणित बरोबर आहे, आणि दुष्काळी जिल्ह्यात उसाचे मळे कसे वाढले यावर कोणी लिहील तर त्याच्या खाली मी माझीही सही करीन. पण शेजाऱ्याच्या घराला आग लागलेली आहे म्हणून आपण आपल्या छपराखाली शेगडी पेटवायची, हा कोणता न्याय? अमेरिकेचेही असेच. लास वेगास ज्या परगण्यात आहे त्या क्लार्क परगण्याने २०२२ साली घरगुती तलावांना सहाशे चौरस फुटांची मर्यादा घातली. हे मी सांगितले तर पुतण्या आनंदला: “आपला तर साडेतीनशेच आहे!” ज्या वाळवंटातून ही हौस आली तिथेच तिला लगाम घालण्याची पाळी आली, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

आता जे मला खरोखर टोचते ते सांगतो. आमच्या जिल्ह्यात पोरांना पोहता येणे ही आज पूर्वीपेक्षा जास्त गरजेची गोष्ट आहे. विहिरी होत्या तेव्हा पोरे त्यांत शिकत. आता रानोमाळ शेततळी झाली आहेत, तळाला आणि उतारावर प्लास्टिक अंथरलेली. पाय घसरून आत गेलेल्या पोराला त्या गुळगुळीत उतारावरून वर येता येत नाही, आणि वाचवायला उडी घेणारा भाऊही तिथेच राहतो. उन्हाळ्याच्या सुटीत अशा बातम्या वाचल्या की पेपर बाजूला ठेवावासा वाटतो. तळ्याला कुंपण, काठाला बांधलेला दोर, आणि पोराच्या अंगात पोहणे, या तीन गोष्टी हव्यात. तिसरी शिकवायला पाणी लागते, आणि ते पाणी आम्ही कंपाउंडच्या भिंतीआड बंद करायला निघालो आहोत. तेही आठ मीटर लांबीचे. चार हात मारले की डोके भिंतीला! पुतण्याला स्वतःला पोहता येत नाही. सूनबाईंनाही नाही. सहा वर्षांच्या नातीला येत नाही, आणि तिच्यासाठी तलावाभोवती कुंपण नि आपोआप बंद होणारे फाटक नकाशात कुठेही नव्हते.

आणि पुन्हा हिशेबच करायचा तर असा करा. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद असा सार्वजनिक तलाव धरा. त्याच उन्हात त्याचे रोज अडीच हजार लिटर उडतील. ऐकायला केवढे तरी वाटते. पण पाळ्या लावून दिवसाला अडीचशे पोरे त्यात उतरली तर पोरामागे दहा लिटर पडले, अभ्यंगाच्या एका बादलीपेक्षाही कमी. पुतण्याच्या तलावात चौघे रोज उतरले तरी माणशी साठाच्या वर. आणि रोज उतरणार नाहीतच. पहिला उन्हाळा पाहुण्यांना दाखवण्यात जाईल, दुसऱ्यात काठावर कपडे वाळत पडतील.

मी त्याला तेव्हाच सुचवले: त्याच्या शेजारचे चौदा-पंधरा बंगले आहेत, वर्गणी काढा, वर पत्र्याची नाहीतर जाळीची सावली घाला, छपरांचे पावसाचे पाणी त्यात घ्या, रात्री पाण्यावर आच्छादन ओढा, एक शिकवणारा ठेवा आणि पलीकडच्या वस्तीतल्या पोरांनाही सकाळची एक पाळी द्या. किंवा आपल्या गावची विहीर गाळ काढून, कठडा बांधून, साखळ्या सोडून पुन्हा पोहण्याजोगी करा. खर्च तलावाच्या निम्म्याने तरी कमी येईल. नकाशाची गुंडाळी करीत तो म्हणाला, “बघू.”

काल सूनबाईंचा फोन आला. परसात फक्कीने मूत्रपिंड आखून झाले आहे. पाडव्याचा मुहूर्त धरून कुदळ मारायची, असे ठेकेदार म्हणतो. पण नातीने त्या पांढऱ्या रेघेच्या आत विटामातीचा किल्ला मांडला आहे, मावळे बसवले आहेत, अळीव पेरले आहेत, आणि तुळशीचे लग्न होईपर्यंत किल्ल्याला कोणी हात लावायचा नाही असे बापाला बजावले आहे. सूनबाईंनी हळू आवाजात विचारले, “काका, गावच्या विहिरीचा गाळ काढायला माणसं कुठं मिळतील?”