जयगडचे लग्न, फोटोवाला आणि ग्रामपंचायत

वाचकहो, तुमच्या घरात अलीकडे जे लग्न झाले असेल त्याचा अल्बम एकदा काढून बघा. जयगड किल्ल्याच्या बुरुजावर उभे असलेले नवरा-नवरी त्यात सापडतील. दीपगृहाकडचा सूर्यास्त असेल, तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीवर केस उडवत काढलेला फोटो असेल, ड्रोनने वरून घेतलेला मांडव तर हमखास. आता त्याच अल्बममध्ये सप्तपदीचा स्वच्छ फोटो शोधा. रुखवताचा शोधा. घाणा भरताना ओव्या म्हणणाऱ्या आजीचा शोधा. सापडला तर तुमचा फोटोवाला शहाणा, असे समजा. नाही सापडला, तर पुढचे वाचा.

हौसेला आमचा विरोध नाही. वैशाखात मुंबईचा चाकरमानी गावी आलेला असतो, आंबा उतरवायची घाई असते, 1 जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून होड्यांचीही धांदल असते. त्यातून लग्न उभे करायचे, तर दोन पैसे हौसेवर जाणारच. प्रश्न एवढाच की पैसे मोजून आपण घेतो काय?

यामागे कोर्टकचेरीचे कारण आहे. 19 एप्रिल 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका जोडप्याच्या प्रकरणात निकाल दिला. दोघांकडे एका संस्थेचे प्रमाणपत्र होते, सरकारी नोंदणीचा दाखलाही होता. पण विधी झालेलेच नव्हते. न्यायालयाने सांगितले, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 प्रमाणे विधी झाले नसतील तर नुसत्या दाखल्याने लग्न होत नाही. ज्यांच्यात सप्तपदीची रीत आहे त्यांचे लग्न सातवे पाऊल पडल्यावरच पूर्ण होते, असे ते कलम म्हणते. ज्यांची रीत वेगळी, त्यांची ती रीत कायद्याला मान्य आहे. म्हणजे दाखला हवाच, पण त्यामागे घडलेला विधीही दाखवता आला पाहिजे. आणि मांडवातली माणसे वीस वर्षांनी साक्षीला कुठून आणणार? फोटो मात्र राहतो.

दाखल्याची बाजूही हलकी धरू नका. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा 1998 चा कायदा सर्व धर्मांना लागू आहे आणि गावात निबंधक म्हणून ग्रामसेवक काम बघतात (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). लग्नापासून 90 दिवसांत ज्ञापन द्यायचे असते, उशीर झाला की जादा फी. वयाचे व राहण्याचे पुरावे, लग्नपत्रिका, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्याची सही आणि लग्नविधीचा फोटो, एवढे जमवावे लागते. आपल्या भागातले कितीतरी जण बोटीवर, आखातात नोकरीला आहेत. बायकोचा व्हिसा काढायची वेळ आली की मग धावाधाव सुरू होते, आणि अल्बम चाळला की त्यात सूर्यास्त निघतो!

तेव्हा फोटोवाल्याला सुपारी देतानाच सांगून ठेवा की आमच्या रीतीतला मुख्य क्षण चुकता कामा नये. कुणाकडे तो सप्तपदीचा असेल, कुणाकडे अंतरपाट दूर होऊन माळा पडण्याचा. बौद्ध बांधवांकडे प्रतिज्ञा घेतानाचा, मुसलमान घरात निकाहनाम्यावर सही होतानाचा, वकील आणि साक्षीदार दिसतील असा. चेहरे ओळखू आले पाहिजेत. मे महिन्यात भर दुपारचा मुहूर्त, मांडवाच्या झापांतून ऊन कवडशासारखे पडते आणि निम्मे तोंड काळे, निम्मे पांढरे येते. त्यासाठी बोहल्यावर जाडसर पांढरे कापड वरून ताणून घ्या, काम भागते. भटजींना आणि फोटोवाल्याला आदल्या दिवशी पाच मिनिटे एकत्र बसवलेत तर बोहल्यावर ओरडाओरडही होत नाही.

रुखवताचा विषय तर फारच कामाचा. मावशीने विणलेले तोरण, आत्याने रांगोळीच्या डब्यांत मांडलेली भातुकली, आईने दिलेली तांब्या-पितळेची भांडी, हे सारे त्या मुलीचे स्वतःचे. कोणत्याही घरचे दुसऱ्या घरासारखे नसते. हुंडाबंदी कायद्याखालच्या 1985 च्या नियमांत असे आहे की लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवायची, त्यात वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहायचे आणि त्यावर वधू-वर दोघांच्या सह्या घ्यायच्या. किती घरांत ही यादी होते, ते तुम्हीच मनाशी आठवा. यादी करा आणि तिच्या जोडीला रुखवताचे, दागिन्यांचे चार फोटो जवळून घ्या. उद्या वाकडे काही आले तर स्त्रीधन काय होते, यावर वाद घालायला फारशी जागा राहत नाही. काही न होवो. मग तोच फोटो नातीला दाखवायला.

तीच गोष्ट बाकीच्या घरगुती क्षणांची. ग्रामदेवतेपुढचे गाऱ्हाणे, देवक, जात्याला बांधलेली हळद, कानपिळीला मेहुण्याने केलेली मस्ती, आजोबांनी लावलेल्या हापूसच्या कलमाखाली अख्खे कुटुंब, वडिलांची होडी जेट्टीला असेल तर तिच्यावर भावंडे. याला जादा पैसे पडत नाहीत. फक्त आधी सांगावे लागते, कारण रत्नागिरीहून येणाऱ्या फोटोवाल्याला तुमची आत्या कोण आणि कलम कुठले, हे कसे कळावे? घरातला एक पोरगा दिवसभर त्याच्याबरोबर लावून द्या.

आता व्यवहाराचे. ठरलेली रक्कम, किती फोटो, अल्बम कधी, मूळ फाइली मिळणार की नाही, हे कागदावर घ्या. कॉपीराइट कायदा 1957 चे कलम 17 सांगते की, मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणून नवरीचा फोटो दुकानाच्या काचेत लावायचा तर तुमची परवानगी हवी, आणि फोटोवाल्याच्या छापील पावतीवर बारीक अक्षरांत उलट काही लिहिले आहे का, तेही वाचून घ्या. पैसे घेऊन काम बुडवले तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फीही नाही.

ड्रोनवाला येणार असेल तर एक विचारा. जयगडला बंदर आहे, 1200 मेगावॅटचे वीज केंद्र आहे. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे कुठे उडवता येते आणि कुठे परवानगी लागते, हे डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर दिसते. त्याने तो बघितला आहे का? मंगलाष्टकांच्या मध्येच पोलीस मांडवात आलेले कुणालाच नको.

राहता राहिली साठवण. आपल्याकडचा पाऊस आणि समुद्राची खारी हवा यांत अल्बमची पाने एकमेकांना चिकटतात, बुरशी येते, वाळवीला तर निमंत्रणच लागत नाही. भिंतीतल्या कपाटाऐवजी लोखंडी कपाट बरे. अल्बम जुलै-ऑगस्टमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवू नका, आत घाम धरतो. सुती फडक्यात ठेवा. फोटोवाले काही महिन्यांनी संगणकातली जागा रिकामी करतात, तेव्हा मूळ फाइलींची एक प्रत घरी, एक मुंबईच्या भावाकडे असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो ही मूळ प्रत नव्हे, तो आकसलेला असतो. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे असा फोटो कोर्टात द्यायचा तर सोबत ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. मूळ फाइल हाताशी असली म्हणजे ते देणे सोपे जाते.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. मुलीचे 18 आणि मुलाचे 21 पूर्ण आहे की नाही, हे बघण्याची जबाबदारी बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे आहेच. घरोघरी पत्रिका वाटल्या जातात तेव्हा एक तुमच्याकडेही येते. त्याच वेळी नोंदणीचा कोरा अर्ज आणि लागणाऱ्या कागदांची चिठ्ठी त्या घरी पाठवून द्या, आणि चिठ्ठीत फोटो कोणता हवा तेही लिहा.