मतपेटी घरी येते, मग दाखला का नाही?

जिल्हा रुग्णालयात ज्या वारी दिव्यांग बोर्ड बसतो, त्या वारी सकाळी आठ वाजता तिथे जाऊन उभं राहावं. पहाटेच्या एसटीने निघालेली माणसं केसपेपरच्या खिडकीशी रांगेत असतात. आईच्या कडेवर आता न मावणारा बारा-तेरा वर्षांचा मुलगा असतो. कुबड्या भिंतीला टेकवून पायरीवर बसलेले काका असतात. खिडकीतून काय सांगितलं ते न कळल्याने एकमेकांकडे बघणारं कर्णबधिर नवरा-बायकोचं जोडपं असतं. प्रत्येकाच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात आधार, रेशनकार्ड, जुने रिपोर्ट, फोटो, झेरॉक्सचा गठ्ठा. दुपारी बारानंतर कुणीतरी येऊन सांगतं, ‘हाडांचे डॉक्टर आज रजेवर आहेत, पुढच्या वेळी या.’ त्या ‘पुढच्या वेळी’चा अर्थ पुन्हा पहाटे उठणं, पुन्हा सोबत येणाऱ्याची एक दिवसाची मजुरी बुडणं आणि त्या मुलाला पुन्हा उचलून गाडीत चढवणं.

ज्यांना घराबाहेर पडणंच सगळ्यांत कठीण, त्यांनाच आपण सगळ्यांत जास्त खेटे घालायला लावतो. या लेखात मला एवढंच मांडायचं आहे, कारण बाकीच्या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात.

हक्कांची कमतरता नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम चांगला कायदा आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं दिव्यांगत्व मानलं जायचं, ते आता एकवीस झालं. त्यात स्वमग्नता आली, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आले, ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आल्या. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षण आहे. महाराष्ट्राने तर ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभागच जाहीर केला. २०११ च्या जनगणनेत राज्यात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. तेव्हा सातच्या आसपासच प्रकार मोजले जात होते, म्हणजे आजचा खरा आकडा त्याहून बराच मोठा असणार.

पण या प्रत्येक हक्काच्या दारावर एकच कुलूप आहे आणि त्याची किल्ली म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला. आता तो ‘यूडीआयडी’ म्हणजे वैश्विक ओळखपत्राच्या पोर्टलवरून मिळतो. अर्ज ऑनलाइन भरता येतो हे खरं, पण तपासणी ऑनलाइन होत नाही. ऐकू येत नसलेल्या बाळाची ‘बेरा’ चाचणी करायचं यंत्र आणि ती करणारा माणूस प्रत्येक जिल्ह्यात असतोच असं नाही. बौद्धिक दिव्यांगत्व मोजणारा मानसशास्त्रज्ञ नसेल तर कागदावर शेरा पडतो आणि कुटुंबाला मोठ्या शहराचा रस्ता धरावा लागतो. सिकलसेलचे रुग्ण जास्त आहेत ते गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात. सिरोंचाहून गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सांधे दुखून अंग मोडून आलेल्या माणसाने एवढा प्रवास करायचा, तोही आपण आजारी आहोत हे सिद्ध करण्यासाठी. दाखला महिन्याभरात द्यावा असा पूर्वी नियम होता. २०२४ च्या दुरुस्तीने ती मुदत तीन महिन्यांवर नेली. अर्जदाराची घाई यंत्रणेला कळली असती तर ती मुदत उलट्या दिशेने गेली असती.

दाखला हातात आला की तहसीलची वाट सुरू होते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेला गावाकडे सगळे ‘पगार’च म्हणतात. २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी हा पगार दीड हजारावरून अडीच हजार रुपये झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असावं लागतं, म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारांपेक्षाही कमी. घरात एक माणूस रोजंदारीवर नियमित जात असेल तरी ही मर्यादा ओलांडली जाते. मग उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, तलाठ्याची सही, सेतूत अर्ज, त्रुटी निघाली की पुन्हा सेतू, समितीची बैठक, मंजुरी, बँकेत केवायसी आणि त्यानंतर दरवर्षी आपण जिवंत आहोत हे दाखवण्यासाठी हयातीचा दाखला. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाला तर ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं नाव, दोन्ही लागतं आणि त्यात केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपयांचा.

या साखळीतली एक कडी मी अगदी जवळून पाहिली आहे. माझ्या आत्येभावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. त्याच्या हाताच्या मुठी कायम आवळलेल्या असतात आणि तो घाबरला की त्या आणखी घट्ट होतात. बँकेच्या केवायसीसाठी आधार अद्ययावत करायचं म्हणून आत्याबरोबर मी तालुक्याच्या गावी एका केंद्रावर गेले होते. ऑपरेटर मुलगा तसा मनाने चांगला होता. त्याने ओल्या फडक्याने आत्येभावाची बोटं पुसली, एकेक उलगडून काचेवर दाबून पाहिली. यंत्रात प्रत्येक वेळी लाल दिवा लागला. मागे रांग वाढत होती, लोक चुळबुळ करत होते आणि आत्येभावाच्या कपाळावर घाम साचला होता. शेवटी तो मुलगा कंटाळून म्हणाला, ‘आजी, त्याला बोटं सरळ धरायला सांगा ना.’ आत्या शांतपणे म्हणाली, ‘बाळा, ती सरळ झाली असती तर मी तुझ्याकडे कशाला आले असते?’

डोळ्यांची नोंद करू म्हटलं, तर त्याची मान स्थिर राहिना. आम्ही परतलो. नंतर दुसऱ्या एका केंद्रावरच्या मुलीने सांगितलं की ज्यांचे ठसे घेताच येत नाहीत, त्यांच्यासाठी आधारच्या नियमांतच अपवादाची सोय आहे. संगणकावर तसा पर्याय निवडायचा असतो. तिने तो निवडला आणि थोड्याच वेळात काम झालं. सोय पहिल्यापासून होती, फक्त पहिल्या केंद्रावरच्या मुलाला ती कुणी शिकवली नव्हती. अशा किती आत्या पहिल्याच केंद्रावरून घरी परतून पगाराचा नाद सोडून देत असतील, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. ज्यांचा अर्जच होत नाही, त्यांची नोंद कुठल्याच नाकारलेल्या अर्जांत दिसत नाही.

याच स्वरूपाचं दुःख सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं होतं. ॲसिडहल्ल्याने चेहरा आणि डोळे भाजलेल्या स्त्रियांना डिजिटल केवायसीत ‘डोळे मिचकावा’ असं सांगितलं जात होतं. प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला. डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात सांगितलं आणि केवायसीची पद्धत बदलण्यासाठी वीस निर्देश दिले. त्याआधी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात न्यायालयाने इमारती, वाहतूक आणि संकेतस्थळं सुगम करण्याचे मापदंड नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा, असं बजावलं. कारण स्पष्ट होतं. सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या, असं २०१६ च्या कायद्यातच लिहिलं होतं. नियम आले २०१७ साली. मुदत उलटून गेली आणि कित्येक कार्यालयांत दिव्यांगांच्या योजनांचं टेबल आजही वरच्या मजल्यावर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात व्हीलचेअरवरच्या एका वधूला जिन्यावरून उचलून न्यावं लागलं, कारण लिफ्ट नव्हती आणि अधिकारी खाली यायला तयार नव्हते. ती बातमी देशभर गाजली आणि उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. तालुक्याच्या गावी रोज असं कुणाला तरी उचलून नेलं जातं. त्याची बातमी होत नाही.

आणि उचलणारं कोण असतं? बहुतेक वेळा आई. एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे, तीव्र दिव्यांगत्व असेल तर मदतनीसालाही काही सवलत आहे. पण त्या मदतनीसाच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब कुठल्याच योजनेत नाही. केरळात घरी राहून आजारी किंवा दिव्यांग माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांना ‘आश्वासकिरणम’ योजनेतून महिना ६०० रुपये मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण ते काम आहे हे त्या सरकारने निदान मान्य केलं.

बनावट दाखल्यांचं कारण पुढे केलं जाईल, याची मला कल्पना आहे. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचं प्रकरण गाजलं आणि दाखल्यांच्या फेरतपासणीचे आदेश निघाले. तपासणी व्हायलाच हवी, खोटा दाखला म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास पळवणं आहे. पण चोराच्या संशयाने दोन्ही पाय नसलेल्या माणसाला पुन्हा रांगेत उभं करणं हा त्यावरचा उपाय नाही. यूडीआयडीत फोटो, टक्केवारी, आधार क्रमांक सगळं आहे. तहसील, बँक, नगरपालिका यांनी ते आपापल्या संगणकावर पाहावं आणि झेरॉक्स मागणं थांबवावं.

हे अशक्य आहे असं सांगणाऱ्यांना मी निवडणूक आयोगाकडे बोट दाखवते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरबसल्या मतदानाची सोय होती. फॉर्म १२-ड भरला की मतदान पथक, पोलीस, चित्रीकरण करणारा, सगळा लवाजमा दारात येत होता. गुप्त मतदानासारखी नाजूक गोष्ट माणसाच्या खाटेजवळ करता येते, तर हयातीच्या दाखल्यावर एक सही का करता येत नाही? आंध्र प्रदेशात दिव्यांगांचं महिना सहा हजारांचं निवृत्तिवेतन महिन्याच्या सुरुवातीला गावच्या सचिवालयाचे कर्मचारी घरी नेऊन देतात. आपल्याकडेही आशाताई आहेत, ग्रामसेवक आहेत, पोस्टमन आहेत.

म्हणून मागण्या मोजक्याच आहेत. चालता न येणाऱ्यांसाठी वैद्यकीय मंडळाने ठरावीक वारी तालुक्याला जावं आणि अंथरुणाला खिळलेल्यांची तपासणी घरी व्हावी. हयातीचा दाखला आशाताई किंवा पोस्टमनच्या भेटीतच पूर्ण व्हावा. एका कार्यालयाने तपासलेला कागद दुसऱ्याने मागू नये. आणि आधार केंद्रावरच्या प्रत्येक मुलाला तो अपवादाचा पर्याय शिकवावा.

वाचक म्हणून आपल्यालाही करण्यासारखं काम आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची आहे. ती कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत विचारायचा अधिकार गावातल्या प्रत्येक मतदाराला आहे. ज्यांच्यासाठी तो निधी आहे, त्यांतले कितीतरी जण ग्रामसभेच्या पायऱ्या चढू शकत नाहीत. पुढच्या सभेत त्यांच्या वतीने तुम्ही उभे राहा, हा प्रश्न विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नका.