‘बाहेरचे’ अकरा

मी कॉन्व्हेंटवाला. माझं मराठी थोडं कच्चं आहे, सांभाळून घ्या!

परवा इंटर-हॉस्टेल फुटबॉलची टीम निवडताना आमच्या विंगमध्ये जोरदार वाद झाला. लेफ्ट-बॅकला मणिपूरचा मुलगा घ्यायचा की ‘आपला’? (तो ‘आपला’ म्हणजे मीच.) खेळ त्याचा चांगला, यावर दुमत नव्हतं. तरी एक जण म्हणाला, “बाहेरच्यांनाच घेतलं तर आपली पोरं शिकणार कधी?” टाळ्या पडल्या. आणि मी गप्प बसलो, कारण फायदा माझाच होता!

हाच वाद जर्मनीत फार मोठ्या प्रमाणावर झालाय. ६ एप्रिल २००१ ला बुंडेसलिगामध्ये एनर्जी कॉटबुस हा क्लब वोल्फ्सबुर्गविरुद्ध उतरला, तेव्हा अकराच्या अकरा खेळाडू परदेशी होते. लीगच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. गोलकीपर बोस्नियाचा, बाकीचे हंगेरी, रुमानिया, ब्राझील, अगदी बेनिनचेसुद्धा. १९९५ च्या बोसमन निकालानंतर युरोपियन युनियनमधल्या खेळाडूंवर मर्यादा घालता येत नव्हती, आणि जर्मनीने ही मोकळीक साऱ्या युरोपातल्या खेळाडूंना दिली होती. कॉटबुस हा पूर्वेकडचा गरीब क्लब. महागडे जर्मन स्टार त्याला परवडणार कुठून? मॅच ०-० सुटली, पण त्या सीझनला टीम लीगमध्ये टिकली.

लोक चिडले, आणि त्याला कारणही होतं. आदल्याच वर्षी, म्हणजे युरो २००० मध्ये, जर्मनी एका पॉइंटवर ग्रुपमध्ये तळाला गेली होती. आता खापर फोडायला परदेशी खेळाडू समोर तयारच होते!

पण जर्मनांनी केलं काय? दार बंद केलं नाही. प्रत्येक क्लबने मुलांसाठी अकॅडमी चालवलीच पाहिजे, नाहीतर लायसन्स नाही, असा नियम आणला. आणि २००६ मध्ये तर परदेशी खेळाडूंवरची मर्यादाच काढून टाकली. बदल्यात अट एवढीच, की क्लबकडे ठरावीक संख्येने जर्मन आणि जर्मनीतच तयार झालेले खेळाडू करारावर हवेत. २०१४ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये गोल मारणारा मारिओ गोट्झे डॉर्टमुंडच्या अकॅडमीतलाच.

आता तुम्ही म्हणाल, २०१८ आणि २०२२ मध्ये हीच जर्मनी पहिल्याच फेरीत गारद झाली, त्याचं काय? बरोबर आहे. पण दार २०१४ लाही उघडं होतं आणि २०१८ लाही. म्हणजे जिंकण्या-हरण्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

आणखी एक उदाहरण देतो. २०२३-२४ मध्ये लेव्हरकुसेन एकही मॅच न हरता पहिल्यांदा लीग चॅम्पियन झाली. कोच स्पॅनिश, कॅप्टन फिनलंडचा, मिडफिल्डला स्वित्झर्लंडचा झाका. आणि ज्या मॅचमध्ये टायटल पक्कं झालं, त्यात हॅटट्रिक कोणाची? फ्लोरियान विर्ट्झची. वय २०, पक्का जर्मन. बाहेरच्यांच्या गर्दीत तो दबला नाही, उलट त्यांच्यासोबत खेळूनच मोठा झाला.

थोडक्यात काय, ‘आपली पोरं शिकणार कधी’ हा प्रश्न खोटा नाही. पण त्याचं उत्तर सिलेक्शनच्या दिवशी कोणाला तरी बाहेर ठेवून मिळत नाही. ते रोज संध्याकाळी ग्राउंडवर मिळतं. मागच्या सेमिस्टरला आपल्यातले किती जण प्रॅक्टिसला आले होते? मी स्वतः मोजून चार वेळा. तो मणिपूरचा मुलगा पावसातसुद्धा एकटा बॉल मारत असायचा.

टीमची यादी अजून लागायची आहे. लेफ्ट-बॅकसाठी माझं मत त्यालाच. आणि मी? मी उद्यापासून त्याच्यासोबत प्रॅक्टिसला जातोय. पुढच्या वर्षी जागा हवी असेल तर त्याच्याकडून हिसकावून घेईन, पण खेळून!

कोण कोण येतंय ग्राउंडवर?