थ्रीडी प्रिंटेड कॉर्निया आला, पण स्क्रीन स्पष्ट दिसणार का?

थ्रीडी प्रिंटरने बनवलेल्या कॉर्नियाचे रील्स तुम्ही पाहिले असतीलच. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने आयआयटी हैदराबाद आणि सीसीएमबीसोबत असा कॉर्निया बनवून सशाच्या डोळ्यात बसवला, ही बातमी २०२२ची. तेव्हापासून ‘आता अंधत्व संपणार’ छापाचे व्हिडिओ फिरतायत. मला त्यात एकच गोष्ट खटकते. कॉर्निया बसला की दिसायला लागलं, असं सगळे धरून चालतात.

डोळ्यातला फोकस आतली लेन्स करते असं आपल्याला वाटतं. खरं तर जवळपास दोन तृतीयांश काम कॉर्निया करतो, तेही जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असून. पूर्ण जाडीचा कॉर्निया बदलताना तो केसाहून बारीक नायलॉनच्या टाक्यांनी शिवतात, बहुतेकदा १६ टाके. मांडवाचं कापड एका बाजूने जास्त ओढलं की सुरकुती पडते ना, तसंच इथे होतं. कॉर्निया पारदर्शक असतो, पण गोलाई बिघडते. मग व्हॉट्सअॅपवरचं अक्षर दोनदा दिसतं, दिव्याभोवती रेघा फुटतात. टाके काढायलाच वर्षभर किंवा जास्त लागू शकतं, आणि तोपर्यंत नंबर बदलत राहतो.

वाकडेपणा ओबडधोबड असेल तर चष्माही पुरत नाही. तिथे कडक किंवा स्क्लेरल लेन्स कामी येते. लेन्स आणि कॉर्नियामधली फट अश्रूंनी किंवा सलाइनने भरते आणि प्रकाशाला पुढे गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. कल्पना साधी, पण मला तरी प्रिंटरपेक्षा हीच जास्त भारी वाटते!

फक्त आतला थर बदलणाऱ्या डीमेक शस्त्रक्रियेत हा त्रास बराच कमी. पण तरुणांना होणाऱ्या केराटोकोनसमध्ये कॉर्नियाचा आकारच बिघडलेला असतो, तिथे डीमेक उपयोगाची नाही. (डोळे चोळायची सवय असेल तर आजच सोडा.)

फोनमध्ये फॉन्ट मोठा करा. डार्क मोड मात्र सगळ्यांना सोसत नाही. अंधारात बाहुली मोठी होते, कॉर्नियाच्या वाकड्या कडांमधूनही प्रकाश आत येतो आणि पांढरी अक्षरं पसरतात.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा अचानक धूसर दिसलं, तर सेटिंग्ज शोधत बसू नका. शरीर नवा कॉर्निया नाकारत असेल, आणि हे शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही होऊ शकतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सांभाळून घेतो, बिघाड कळतच नाही. म्हणून अधूनमधून चांगला डोळा झाकून स्क्रीन वाचून बघा.