बांधातला दगड फोडण्यापूर्वी



उन्हाळ्यात बांधबंदिस्तीची कामे निघतात. शेतात सापडेल तो दगड बांधात जातो. पण त्या घाईत एक गोष्ट ध्यानात ठेवा, दगडावर नक्षी दिसली तर हात थांबवा.

आपल्या वडगाव मावळला एका इंग्रज कप्तानाची समाधी आहे. त्याचे नाव जेम्स स्टुअर्ट. इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्यावर निघाली, तेव्हा ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याला तो लढाईत पडला. त्याच महिन्यात वडगावला इंग्रजांना हार खाऊन तह करावा लागला. तरीही त्याची मर्दुमकी पाहून मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. शत्रूची समाधी आपण जपली. मग आपल्या माणसांच्या दगडांचे काय?

देवळापुढे किंवा शिवारात उभा असलेला वीरगळ नीट पाहा. तो खालून वर वाचायचा. खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. खालच्या पट्टीत गाई कोरल्या असतील, तर तो वीर गोधन राखताना पडला असे समजावे. म्हणजे तो तुमच्या-आमच्यासारखाच गुरेढोरे असलेल्या गावचा माणूस.

इंग्लंडातही जुन्या चर्चच्या आवारात पेटीच्या आकाराची कोरीव थडगी आहेत. काही मेंढ्यांच्या लोकरीवर श्रीमंत झालेल्या व्यापाऱ्यांची. तिथला चुनखडीचा दगड मऊ. पावसाने तो झिजतो, दगडात मुरलेले पाणी थंडीत गोठले की पापुद्रे सुटतात. आपला काळा पाषाण कठीण आहे. मावळातले शेकडो पावसाळे तो सोसतो. सोसत नाही तो घणाचा घाव आणि जेसीबीचा दात.

म्हणून एवढे करा. कोरीव दगड बांधात किंवा पायात घालू नका. तारेचा ब्रश, ॲसिड, तैलरंग आणि सिमेंट त्याला लावू नका. वर वाढलेले दगडफूल खरवडू नका, त्याबरोबर कोरीव काम निघते. माती साध्या पाण्याने आणि मऊ कुंच्याने धुवा. दगड जागेवरून हलवण्याआधी ग्रामपंचायतीला कळवा. कुठे सापडला ते लिहून ठेवा, कारण जागा हीसुद्धा त्याच्या इतिहासाचा भाग असते.

एक दगड कमी पडला म्हणून बांध अडत नाही. वीरगळ मात्र फुटला की पुन्हा मिळत नाही.