भिंत आठवडाभराचीच, पण आपली

मंडळी, एक सरळ प्रश्न. कुवेतमध्ये राहून तुम्हाला किती वर्षं झाली? दहा? वीस? आणि इथल्या चित्रकारांचं प्रदर्शन पाहायला तुम्ही कितीदा गेलात?

उत्तर मला ठाऊक आहे, कारण पहिली अकरा वर्षं माझंही उत्तर शून्यच होतं.

मग तीन वर्षांपूर्वी एका मंडळाने गणेशोत्सवात ‘स्थानिक कलाकारांचं चित्रप्रदर्शन’ भरवलं. कुठे? हॉलबाहेरच्या बोळात, वडापावच्या रांगेशेजारी. सहा चित्रं सेलोटेपने चिकटवलेली, खाली नावंही नाहीत. एका चित्रात फहाहीलच्या किनाऱ्यावर जाळी सावरणारे कोळी होते. ते काढणारे गृहस्थ पेशाने ड्राफ्ट्समन. अठरा वर्षं शुक्रवारच्या सकाळी रंगांना दिलेल्या. रात्री आवराआवर करताना ते चित्र खुर्च्यांच्या ढिगाखाली सापडलं, कोपऱ्यावर चटणीचा डाग. गृहस्थ काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी चित्र दिलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी नोकरी संपली आणि ते भारतात परतले. त्यांच्या अठरा वर्षांची इथे कुठेही नोंद नाही.

त्याच उत्सवात मुंबईहून आलेल्या गायकाच्या तिकिटावर, हॉटेलवर आणि मानधनावर किती दिनार गेले, ते विचारू नका. गायकाबद्दल तक्रार नाही. पण पिकतं तिथं विकत नाही ही म्हण आपण सातासमुद्रापार आणून जपली आहे, एवढंच म्हणतो.

आता म्हणाल, “अहो, वाळवंटात कसली चित्रकला?” तर ऐका. 1969 साली गाझी आणि नजात या सुलतान भावंडांनी इथे सुलतान गॅलरी सुरू केली. आखाती देशांतल्या अगदी पहिल्या व्यावसायिक गॅलऱ्यांपैकी ती एक. तिच्या पहिल्या प्रदर्शनात दोघांची कामं होती: इस्सा सक्र आणि मुनीरा अल-काझी. या मुनीराबाईंचा जन्म पुण्याचा! नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातल्या त्या. 1977 मध्ये अँडी वॉरहॉल आपली चित्रं घेऊन याच शहरात आला होता. 1990 च्या आक्रमणात गॅलरी बंद पडली, आणि 2006 मध्ये फरीदा सुलतान यांनी ती पुन्हा उघडली. सोळा वर्षांनी का होईना, उघडली. आपण एक बोळ धड सांभाळू शकलो नाही.

“आम्हाला चित्रातलं कळत नाही,” हे दुसरं कारण. नाट्यसंगीतातले राग तरी आपल्यापैकी किती जणांना ओळखता येतात? तरी आपण जातोच, ऐकतो, आणि ऐकता ऐकता कान तयार होतो. डोळ्यांचंही तसंच आहे.

तिसरं कारण सगळ्यांत खोल. “आपण इथे तात्पुरते.” खरं आहे. इकामा संपला की गाशा गुंडाळायचा. पण प्रदर्शनही तात्पुरतंच असतं की! मुंबईच्या जहांगीरमध्ये आठवडाभर भिंत मिळावी म्हणून चित्रकार वर्षानुवर्षं वाट पाहतात. आठवड्यानंतर चित्रं उतरतात, पण कोणी, कधी, काय मांडलं याची नोंद राहते. तात्पुरत्या माणसांना तर अशा नोंदीची जास्त गरज. या देशात सुमारे दहा लाख भारतीय आहेत. आपण गेल्यावर आपण इथे काय पाहिलं, हे कोण सांगणार? पगाराच्या पावत्या?

म्हणून मंडळांच्या कार्यकारिणीकडे माझी मागणी आहे. वर्षातून एक आठवडा खरी भिंत द्या. नीट उजेड, चौकट, चित्राखाली नाव आणि किंमत. ज्यांच्या हातात कला आहे पण ओळख नाही, त्या आपल्या माणसांबरोबर इथल्या कुवेती चित्रकारांनाही बोलवा. चार पानांची का होईना, पुस्तिका छापा आणि जपून ठेवा. पैसे नसतील तर एका वर्षी गायक थोडा स्वस्त आणा.

आणि वाचकहो, तुम्ही एवढंच करा. येत्या शनिवारी मॉलऐवजी एखाद्या गॅलरीत जा. मुलांना बरोबर न्या. जमलं तर एखादं चित्र विकत घ्या.

त्या कोळ्यांच्या चित्राची किंमत मी त्या रात्री विचारायला हवी होती. विचारली नाही. चटणीच्या डागाइतकाच तो दोष माझा.