पद्मिनीची पाचवी परीक्षा

परीक्षा घेणे हा माझा धंदा. गेली वीस वर्षे मी शिरूरला मराठी शिकवते आहे. वळणदार अक्षराने उत्तरातले भगदाड कसे झाकतात, हे मला विद्यार्थ्यांनी इतक्या प्रकारांनी दाखवले आहे की, त्या बाबतीत आपल्याला कोणी फसवू शकणार नाही असा माझा समज होता. २०२३ सालच्या उन्हाळ्यात तो उतरला. त्या वेळी मी परीक्षार्थीच्या बाजूला होते, आणि परीक्षार्थी होती आमच्या अण्णांची मोटार.

अण्णा दौंडचे जुने डॉक्टर. १९८८ च्या जूनमध्ये त्यांनी प्रीमियर पद्मिनी घेतली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. चितोडच्या राणीचे नाव लाभलेल्या या गाडीला दौंडात मात्र कोणी पद्मिनी म्हटले नाही. ‘डॉक्टरांची फियाट’ हेच तिचे नाव. ते खोटेही नव्हते. मूळ गाडी इटलीची फियाट ११००. ती कुर्ल्याच्या कारखान्यात बांधणारी कंपनी मात्र सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची. त्यांचे वालचंदनगर शेजारच्या इंदापूर तालुक्यात. म्हणून अण्णा अभिमानाने सांगत, ‘‘आपल्याच भागातली गाडी आहे ही!’’

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी परिवहन अधिकाऱ्यांपुढे उभी करायची, ती रस्त्यावर चालण्याजोगी आहे असे त्यांनी म्हणायचे, आणि मग पुढची पाच वर्षे मिळायची. २००३, २००८, २०१३, २०१८ अशा चार परीक्षा आमची पद्मिनी उत्तीर्ण झाली होती. पाचवीच्या वेळी शुल्क सहाशेचे पाच हजार झालेले होते. ही वाढ एप्रिल २०२२ ची. पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ हा मान आणि वेगळी नंबरपाटी दिली आहे. आमची पस्तिशीची. म्हणजे वय झालेले, पण वडीलकीचा मान अजून नाही. बायकांच्या बाबतीतही हे वय असेच अवघड असते, बरे का!

परीक्षेआधी गाडी धुवावी म्हणून मी मागच्या सीटपुढचे जाजम उचलले. ते दमट होते. खालच्या पत्र्यावर बोट टेकले, तर बोट सरळ आरपार गेले आणि त्या भोकातून मला आमच्या अंगणातली वाळू दिसली!

एका गॅरेजात गाडी नेली. तिथल्या गृहस्थाने भोक पाहिले न पाहिलेसे केले. ‘‘मॅडम, चार हजार द्या, दोन दिवसांत चकाचक करतो. पुट्टी भरू, वर रंग मारू. साहेब दिवे बघणार, ब्रेक बघणार, हॉर्न वाजवणार, चेसिस नंबर ताडून बघणार. खाली कोण वाकतंय?’’

खरे सांगते, मला ते पटले. मी आनंदाने घरी येऊन अण्णांना सांगितले. ब्याऐंशीचे अण्णा काही बोलले नाहीत. फ्रिजच्या दारावर चिठ्ठ्या अडकवायचा लोहचुंबक त्यांनी काढून आणला आणि काठी टेकीत गाडीपाशी आले. दरवाजावर तो टच्‌कन चिकटला. दाराखालचा जो उंबरठा असतो, त्याला लावला, तो टप्‌कन खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. हातभर लांबीच्या पट्ट्यात पत्रा नव्हताच. होती ती पुट्टी!

म्हणजे २०१८ च्या परीक्षेआधी ज्या कोणाकडून आम्ही ‘रंगकाम’ करून घेतले होते, त्याने हेच केले होते. मधल्या पाच वर्षांत याच गाडीत मागे मुलांना बसवून मी शिरूर-दौंड किती फेऱ्या केल्या असतील! आईला रात्री पुण्याच्या इस्पितळात नेले ते याच गाडीतून, समोरून उसाचे ट्रक येत असताना.

‘‘गळू न फोडता वरून टाके घातले तर काय होतं?’’ अण्णांनी विचारले. डॉक्टरच्या मुलीला हे उत्तर पाठ असते.

ट्रकला किंवा जीपला खाली स्वतंत्र लोखंडी सांगाडा असतो. वरचा पत्रा गंजला तरी सांगाडा भार पेलतो. फियाटला तसे नाही. पत्र्याचे शरीर हाच तिचा सांगाडा, आणि दाराखालचे ते पोकळ उंबरठे म्हणजे तिचा कणा. तो पोकळ असल्यामुळे आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही. लोखंड, पाणी आणि हवा एवढे तीन जण एकत्र आले की गंजाला चौथे कोणी लागत नाही. लोखंडापेक्षा गंज जास्त जागा मागतो. म्हणून तो रंगाला फोड आणतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पाडतो. वर पुट्टी असली म्हणजे ओल आत कोंडून राहते, एवढाच फरक.

गाडी अखेर शिरूरला न्यायचे ठरले. पाटस, चौफुला करीत, पारगावला भीमा ओलांडून न्हावऱ्यावरून मी ती इतकी सावकाश नेली की सायकलवाले पुढे जात होते. शिरूरचे मिस्त्री वयस्क. गाडीभोवती फेरी मारून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकला. कुठे ‘ठण्‌’ वाजे, कुठे ‘बद्‌’. ‘बद्‌’ वाजले तिथे खडूने फुली. फुल्या अकरा झाल्या.

‘‘बाई, रांजणगावात फियाटचा कारखाना आहे,’’ ते हसून म्हणाले, ‘‘पण तुमच्या गाडीचा एक पत्रासुद्धा तिथं मिळायचा नाही. सगळं हातानं वळवावं लागेल.’’

आणि त्यांनी वळवले. आधी बॅटरी सोडली, सीट आणि पेट्रोलची टाकी उतरवली. दारांच्या चौकटीत आडवे लोखंडी पाइप जोडले. ‘‘कणा कापल्यावर गाडी मधे बसली तर जन्मात दार लागायचं नाही.’’ मग चांगले चकचकीत लोखंड लागेपर्यंत सडका पत्रा कापत गेले; खडूची फुली वीतभर होती तिथे कापणी हातभर झाली. नवा पत्रा वेल्डिंगने जोडला. राहिलेल्या डागांवर त्यांनी कसलेसे द्रावण लावले, तेव्हा तांबडा गंज डोळ्यांदेखत काळा पडला. ते फॉस्फरिक आम्ल. दिल्लीच्या लोहस्तंभाला सोळाशे वर्षे गंजाने खाल्ले नाही, त्यातही लोखंडातल्या फॉस्फरसचाच हात आहे असे शास्त्रज्ञ सांगतात. त्यावर रेड ऑक्साइड, मग रंग, आणि उंबरठ्याच्या पोकळीत मेणाचा फवारा.

या सगळ्या रोगाचे मूळ मिस्त्रींनी मला शेवटी दाखवले. दारांच्या आणि उंबरठ्याच्या तळाशी पाणी निथळायला बारीक भोके ठेवलेली असतात. आमच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या काड्यांनी आणि मातीने ती कित्येक वर्षे बुजलेली होती. सायकलच्या तारेने त्यांनी एकेक मोकळे केले. बिल झाले अठ्ठावीस हजार. पुण्याचा भाऊ फोनवर म्हणाला, ‘‘एवढ्यात गाडी भंगारात देऊन वर पेढे वाटता आले असते.’’ मी उत्तर दिले नाही. अण्णा शेजारीच बसले होते.

परीक्षेचा दिवस उजाडला. अधिकारी तरुण होते. दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, हॉर्न वाजवला, चेसिस नंबर ताडून पाहिला. खाली वाकले नाहीत. सगळे दहा मिनिटांत आटोपले. ज्या प्रश्नाचा अभ्यास रात्रभर केला तोच पेपरात न आलेल्या मुलीसारखी माझी अवस्था झाली. ‘‘साहेब, जरा उंबरठा बघता का?’’ असे अगदी ओठांवर आले होते.

घरी आल्यावर अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘खाली पाहिलं का त्यांनी?’’

‘‘नाही.’’

‘‘बरं. मग तू पाहत जा.’’

त्याच वर्षी, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, मुंबईच्या रस्त्यावरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी उठल्या. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली, आणि मुंबईत टॅक्सीला वीसच वर्षे. ती बातमी अण्णांनी दोनदा वाचली आणि वर्तमानपत्राची घडी करून ठेवली. आमच्या पद्मिनीची मुदत जून २०२८ पर्यंत आहे.

तेव्हापासून दिवाळीची साफसफाई निघाली, की पितळी डबे घासून झाल्यावर मी फ्रिजवरचा लोहचुंबक आणि सायकलची तार घेऊन अंगणात जाते. अण्णा खुर्ची टाकून बसतात आणि मोजतात. भोके आठ आहेत. सातच झाली तर ओरडतात.